‘पुष्पक’ विमानाची रचना

शिरोली औद्योगिक वसाहतीच्या ओतशाळांतील बिडाचा जडपणा मुलांस परिचित असतो. विमानाचा आराखडा वजनाशीच झुंजतो. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळुरास घडलेले ‘पुष्पक’ १९५८ साली प्रथम उडाले. पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर कापड. बंदिस्त कक्षात शेजारी-शेजारी दोन आसने. इंजिन अवघे ९० अश्वशक्तीचे.

पंखांची एकच जोडी, तीही माथ्यावर, व तीस खालून तिरप्या दांड्या. जमिनीवर त्या टेकू असतात. उड्डाणात मात्र वर उचलल्या जाणाऱ्या पंखास खाली ओढून धरतात. त्यामुळे पंख हलका ठेवता येतो. मुलांस हे सहसा पटत नाही. शिक्षकांनी कागदाची पट्टी ओठांखाली धरून वरून फुंकर मारावी. पट्टी उचलली जाईल. तिच्या टोकास बारीक दोरा बांधून मुलाच्या हाती द्यावा. ताण बोटांस कळेल.