पाद्र्यांचं विद्यापीठ, पण मालक कोण?

प्रश्न : भाचीला अमेरिकेतल्या नोटर डेम विद्यापीठात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. ते कॅथलिक आहे म्हणे. मग तिथे धर्मही शिकावा लागतो का? आणि पाद्री इंजिनिअरिंग कसं काय चालवतात?

उत्तर : आधी भाचीचं अभिनंदन! धर्मशास्त्र आणि तत्त्वज्ञान तिला शिकावं लागेल. शाखा कुठलीही असो, पदवीसाठी हे विषय चुकत नाहीत. पण तो अभ्यास असतो, दीक्षा नव्हे. वसतिगृहांमध्ये प्रार्थनेची चॅपलं असतात. तिथे जायचं की नाही, हा तिचा प्रश्न.

आता पाद्र्यांचं. ‘होली क्रॉस’ या धर्मसंघाचे एडवर्ड सोरिन हे अवघ्या 28 वर्षांचे फ्रेंच पाद्री 1842च्या नोव्हेंबरात काही धर्मबंधूंना घेऊन इंडियाना राज्याच्या उत्तरेला, तळ्याकाठच्या रानात पोचले आणि तिथे त्यांनी नोटर डेमची सुरुवात केली. जमीन बिशपनं दिली होती. 1844 साली राज्यानं विद्यापीठाची सनदही दिली, मात्र बरीच वर्षं विद्यापीठ नावालाच होतं : प्राथमिकची पोरं, हातकाम शिकणारी मुलं आणि शेती, सगळं एकाच आवारात. तरीही 1869 मध्ये कायद्याचं आणि 1873 मध्ये इंजिनिअरिंगचं शिक्षण सुरू झालं. 1879च्या एप्रिलमध्ये मुख्य इमारत जळून खाक झाली. मुलांना घरी पाठवलं, आणि सप्टेंबरात नव्या इमारतीत वर्ग भरले! आपल्याकडे एवढ्या वेळात निविदाही निघत नाहीत.

पाद्री आणि विज्ञान यांचं वैर असतं, असं वाटत असेल तर ज्युलियस न्यूलँड यांचं नाव ऐका. हे इथलेच पाद्री आणि रसायनशास्त्राचे प्राध्यापक. ॲसिटिलीन वायूवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. त्या संशोधनाच्या आधारे ड्युपाँट कंपनीनं निओप्रीन हे कृत्रिम रबर तयार केलं. गाड्यांचे पट्टे, पाणबुड्यांचे पोशाख यांत ते आजही वापरतात. न्यूलँड यांच्या प्रयोगशाळेत मदतीला असलेले क्नूट रॉकनी पुढे इथेच अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक झाले आणि त्यांनीच विद्यापीठाचं नाव अमेरिकेत घरोघरी नेलं. खेळानं मिळवलेली ही ओळख आजही इतकी मोठी आहे, की न्यूलँड कुणाला आठवत नाहीत. मला ते जरा अन्यायाचं वाटतं.

खरा बदल झाला थिओडोर हेसबर्ग यांच्या काळात. 1952 ते 1987 अशी तब्बल 35 वर्षं ते अध्यक्ष होते. 1967 साली होली क्रॉस धर्मसंघानं आपली मालकी सोडून कारभार विश्वस्तांकडे दिला. सर्वांत वरच्या मंडळात बारा जण असतात : सहा होली क्रॉसचे पाद्री, सहा संघाबाहेरचे. अध्यक्ष मात्र त्या संघाचा पाद्रीच लागतो. पदवीच्या वर्गात मुलींना प्रवेश मिळाला तो 1972 पासून. तुमच्या भाचीसाठी तारीख हीच महत्त्वाची.