हौद्यातला दिवा आणि फ्यूज

प्रश्न : पहाटे पिकअपमधून भाजी गुलटेकडीला नेतो. हौद्यात एलईडी पट्टी लावायची आहे. तिला वीज कमी लागते, मग टेललाइटच्या वायरलाच जोडू का? फ्यूज लागतो का?
– एक शेतकरी, मुठा (ता. मुळशी)

उत्तर : फ्यूज हवाच. 24 वॅटची पट्टी 12 व्होल्टवर जेमतेम 2 अँपिअर घेते, हे खरं. पण फ्यूज वायरच्या रक्षणासाठी असतो. पत्र्याला घासून वायर सोलली, तर बॅटरीतून शेकडो अँपिअर वाहतात आणि आग लागते.

टेललाइटला जोडू नका. पट्टी रस्ताभर पेटती राहील, मागच्या चालकाचे डोळे दिपतील.

बॅटरीच्या धन टोकाजवळच 5 अँपिअरचा फ्यूज, पुढे 1 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, केबिनमध्ये वेगळा स्विच. छिद्रांना रबरी ग्रोमेट. मुळशीचा पाऊस पाहता पट्टी आयपी67 दर्जाचीच घ्या.

काम सोपं आहे, कुठलाही ऑटो इलेक्ट्रिशियन करून देईल. सुरुवात मात्र बॅटरीचं ऋण टोक सोडवूनच करा.