गर्दीचे गणित आणि प्रा. कीथ स्टिल

एखाद्या यात्रेत वा समारंभात चेंगराचेंगरी होऊन माणसे दगावली म्हणजे नंतरच्या वृत्तांतात एक वाक्य हमखास आढळते : अफवा पसरली, लोक बिथरले आणि एकच धावपळ उडाली. या एका वाक्याने सारा दोष गर्दीच्या माथी जातो व चौकशी जणू तेथेच संपते. लोक बिथरण्यापूर्वी किती वेगाने येत होते, पुढे सरकण्यास त्यांना किती रुंदीची वाट होती, ती कोठे अडली होती आणि अडल्याचे मागच्यांना कोणी सांगितले होते काय, हे प्रश्न मग मागे पडतात. हे प्रश्न कार्यक्रमानंतर नव्हे, तर कार्यक्रमापूर्वी विचारावयास शिकविणाऱ्या अध्यापकांत ब्रिटनमधील प्रा. जी. कीथ स्टिल यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल.

समारंभ-व्यवस्थापन हा विद्यापीठीय अध्ययनाचा विषय होऊन फार काळ लोटलेला नाही. अमेरिकेत जो गोल्डब्लाट यांनी १९९० नंतरच्या दशकात जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र अभ्यासक्रम उभा केला आणि आयोजनाच्या व्यवसायाला शिक्षणाचे अधिष्ठान मिळवून दिले. मंच, प्रकाशयोजना, आतिथ्य, प्रसिद्धी, अंदाजपत्रक या बाबी अशा शिक्षणात ओघानेच येतात. परंतु समारंभाला आलेला माणूस सुखरूप घरी परत जावा, यासाठी जे हिशेब करावे लागतात त्यांना स्वतंत्र शास्त्राचे रूप यावयास आणखी काही वर्षे जावी लागली. स्टिल यांचे कार्य याच क्षेत्रातील आहे.

वेम्बलीच्या रांगेतून वॉरिक विद्यापीठात

१९९२ साली लंडनच्या वेम्बली क्रीडांगणावर एड्सविषयी जागृती करण्यासाठी एक भव्य संगीत कार्यक्रम झाला. प्रवेशासाठी ताटकळत उभ्या असलेल्या हजारो लोकांत स्टिल हेही होते. कंटाळलेला माणूस अशा वेळी घड्याळाकडे पाहतो. स्टिल यांनी गर्दीकडे पाहिले. समूहाच्या मध्यभागी असलेले लोक जागच्या जागी खिळून होते, तर कडेने चालणारे त्यांच्या मानाने झपाट्याने पुढे सरकत होते. गर्दी म्हणजे नळातून वाहणारे पाणी, असे समजून केलेल्या हिशेबात हे बसत नव्हते. पाणी मधोमध वेगाने वाहते आणि कडेला मंदावते. माणसांचे येथे उलटच दिसत होते.

या निरीक्षणाचा पाठपुरावा त्यांनी पुढील कित्येक वर्षे केला. वॉरिक विद्यापीठाच्या गणित विभागाने २००० साली त्यांच्या समूहगतीवरील प्रबंधास डॉक्टरेट दिली. प्रत्येक माणसाला स्वतंत्र घटक मानून संगणकाच्या पडद्यावर गर्दीची हालचाल उभी करणारी 'लिजन' ही प्रणाली त्यांच्याच संशोधनातून निघाली. येथवरचा प्रवास एखाद्या संशोधकाचा म्हणता येईल. त्यांच्यातील अध्यापकाचे वैशिष्ट्य यापुढे दिसते. संगणकावर इतके प्रभुत्व मिळविलेल्या या गृहस्थांनी शिकविताना मात्र भर दिला तो नकाशा, मोजपट्टी, घड्याळ आणि साधा गुणाकार-भागाकार यांवर. बंदोबस्ताचा निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला जे स्वतः ताडून पाहता येत नाही, ते त्याच्या हाती देऊन उपयोग नसतो, हे त्यांनी ओळखले असावे.

पूर्वसूरींचा वारसा

या शास्त्राचा पाया स्टिल यांच्याही आधी घातला गेला होता. न्यूयॉर्कच्या बंदर प्राधिकरणातील अभियंते जॉन फ्रुइन यांनी १९७१ मध्ये पादचाऱ्यांच्या नियोजनावर ग्रंथ लिहिला आणि १९९३ मध्ये गर्दीतील दुर्घटनांची कारणमीमांसा केली. प्रत्येक चौरस मीटरमध्ये सातच्या आसपास माणसे झाली म्हणजे समूह द्रवासारखा वागू लागतो, त्यातून धक्क्याच्या लाटा जाऊ लागतात, माणसाचे पाय जमिनीवरून उचलले जातात, हे त्यांनी स्पष्ट केले. अशा वेळी मृत्यू येतो तो बहुधा पायदळी तुडविले गेल्यामुळे नव्हे, तर छाती दबून श्वास कोंडल्यामुळे. कित्येकदा उभ्या उभ्याच. दाबाचा जोर इतका असतो की लोखंडी कठडेही वाकतात. बल, माहिती, जागा आणि वेळ या चार गोष्टींत फ्रुइन यांनी सर्व कारणे गोवली. त्यांतील 'माहिती' विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पुढे वाट बंद झाली आहे हे मागच्याला दिसत नाही. तो सद्भावनेने एक पाऊल पुढे टाकतो, आणि अशा हजारो पावलांचा भार सर्वांत पुढच्या माणसावर पडतो.

ब्रिटनला हा धडा १५ एप्रिल १९८९ रोजी मिळाला. शेफील्ड शहरातील हिल्सबरो मैदानावर फुटबॉलच्या सामन्यापूर्वी झालेल्या चेंगराचेंगरीतील मृतांची संख्या कालांतराने ९७ वर गेली. प्रारंभी दोष प्रेक्षकांच्या बेशिस्तीवर टाकण्यात आला. मृतांच्या नातलगांना २७ वर्षे झगडावे लागले, तेव्हा कोठे २०१६ मध्ये मृत्यूंच्या फेरचौकशीतील ज्यूरीने प्रेक्षकांना निर्दोष ठरविले आणि हे मृत्यू बेकायदा कृतीमुळे घडल्याचा निर्णय दिला. 'लोक बिथरले' या वाक्याची किंमत कोणाला मोजावी लागते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

खडूने आखलेला चौकोन

ईझिंगवोल्ड येथील आपत्कालीन नियोजन महाविद्यालयात स्टिल यांनी गर्दीच्या सुरक्षिततेचे वर्ग घेतले. या संस्थेत पोलिस, अग्निशमन दल, नगरपालिका यांतील अधिकारी प्रशिक्षणासाठी येत. पुढे मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठात ते गर्दीशास्त्राचे प्राध्यापक झाले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाठ्यपुस्तकात या अध्यापनाचे सार आले आहे.

घनता म्हणजे काय, हे त्यांनी चित्रांतून पटविले. एक चौरस मीटरच्या चौकोनात एक माणूस, मग दोन, मग तीन, अशी वाढत जाणारी दाटी शेजारी शेजारी मांडलेली त्यांची चित्रे आज जगभर प्रशिक्षणात वापरली जातात. कोणत्याही शाळेच्या पटांगणात हा प्रयोग खडूने करता येण्यासारखा आहे. चौकोनात दोघे असता मोकळेपणाने वळता येते. चार झाले म्हणजे खांद्याला खांदा लागतो. पाचाच्या पुढे गर्दी सरकत असली तर तोल सांभाळणे कठीण होऊ लागते. ज्या अधिकाऱ्याने हे एकदा आपल्या अंगावर अनुभवले, त्याला मनोऱ्यावरून गर्दीकडे पाहताना आकडा डोळ्यांनी वाचता येतो. घनता वाढली की चालण्याचा वेग घटतो आणि विशिष्ट मर्यादेनंतर वाटेने दर मिनिटाला पार होणारी माणसेही कमी होतात. म्हणजे, मागून लोटल्याने रांग लवकर सरते ही समजूत मुळातच चुकीची आहे.

नियोजनासाठी त्यांनी चार बाबी तपासावयास सांगितल्या : येण्याजाण्याचे मार्ग, प्रत्यक्ष उपलब्ध जागा, लोकांच्या हालचालीचा वेळेनुसार आलेख, आणि आलेल्या समूहाचे स्वरूप. वृद्ध भाविकांचा समूह आणि तरुणांचा जलसा यांना एकच माप लागू पडत नाही. ही तपासणी येताना, आत असताना आणि परतताना अशी तीनदा करावयाची असते. परतीचा विचार सर्वाधिक दुर्लक्षिला जातो, हे अनुभवी वाचकांस सांगावयास नको.

याच मोजणीचा एक वेगळा उपयोग जानेवारी २०१७ मध्ये जगाने पाहिला. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीस किती लोक जमले यावरून वाद पेटला असता, स्टिल व त्यांच्या सहकाऱ्याने छायाचित्रांवरून क्षेत्रफळ आणि घनता यांचा गुणाकार करून सुमारे १,६०,००० हा आकडा काढला. दुसऱ्या दिवशीच्या महिला मोर्चासाठी तोच आकडा किमान ४,७०,००० आला. यात्रेला 'लाखोंचा जनसमुदाय' लोटला असे लिहिण्यापूर्वी हा गुणाकार करून पाहण्यास हरकत नसावी.

मीना आणि ड्युइसबर्ग

हज यात्रेत मीना येथील जमरात पुलावर स्तंभांना खडे मारण्याचा विधी असतो. ठराविक दिवशी, ठराविक वेळी लाखो यात्रेकरू एकाच ठिकाणी येतात. तेथे वारंवार दुर्घटना घडत. या पुलाच्या प्रश्नावर सौदी अरेबियाच्या शासनाने ज्या तज्ज्ञांचे साहाय्य घेतले, त्यांत स्टिल हे एक होते. २००४ नंतर गोल स्तंभांच्या जागी लांबट भिंती आल्या, त्यामुळे विधीसाठी उपलब्ध कडेची लांबी वाढली. तरीही १२ जानेवारी २००६ रोजी पुलाच्या प्रवेशाशी ३४० हून अधिक यात्रेकरू मृत्युमुखी पडले. त्यानंतर जुना पूल पाडून अनेक मजल्यांचा, येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या असलेला नवा पूल बांधण्यात आला. विधीला धक्का न लावता त्याची जागा बदलता येते, हे येथे दिसले.

दुसरे प्रकरण इतके सरळ नाही. जर्मनीतील ड्युइसबर्ग येथे २४ जुलै २०१० रोजी 'लव्ह परेड' या संगीतोत्सवात २१ तरुण-तरुणींचा बळी गेला. येण्याची आणि जाण्याची वाट एकच होती; बोगद्यातून वर चढणारा एकच उतार. सरकारी वकिलांनी स्टिल यांचा अभिप्राय मागविला. अपेक्षित माणसे आणि त्या वाटेची क्षमता यांचा मेळ मुळातच बसत नव्हता व हे आधी कळण्याजोगे होते, असा त्यांच्या अहवालाचा रोख होता. मात्र २०१६ मध्ये ड्युइसबर्गच्या न्यायालयाने या अहवालावर गंभीर आक्षेप घेऊन खटला चालविण्यास नकार दिला. वरिष्ठ न्यायालयाने २०१७ मध्ये तो निर्णय फिरविला, नवे तज्ज्ञ नेमले गेले, आणि अखेर मे २०२० मध्ये कोणासही शिक्षा न होता खटला बंद झाला. गर्दीच्या गणिताने धोका दाखविता येतो. पण एखाद्या विशिष्ट व्यक्तीचा फौजदारी अपराध सिद्ध करणे ही निराळी गोष्ट आहे. या शास्त्राचे खरे स्थान दुर्घटनेपूर्वीच्या बैठकीत आहे, नंतरच्या कोर्टात नाही, असेच यावरून म्हणावे लागते.

गावच्या यात्रेचा हिशेब

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थात ३९ भाविक दगावले. २५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यातील मांढरदेवी येथे काळूबाईच्या यात्रेत जवळजवळ ३०० जणांचा अंत झाला. चढणीची अरुंद वाट, दोहों बाजूंची दुकाने, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, आणि नंतर लागलेली आग, या साऱ्यांची चर्चा तेव्हा झाली आणि न्या. राजन कोचर यांच्या आयोगाने चौकशी केली. २०१४ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने राज्य शासने, स्थानिक प्रशासन आणि आयोजक यांच्यासाठी गर्दीच्या व्यवस्थापनाची मार्गदर्शक पुस्तिका काढली. तीतही क्षमतेचा अंदाज आधी बांधण्यावर भर आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. ब्रिटनच्या क्रीडांगणविषयक मार्गदर्शिकेनुसार सपाट वाटेच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ व पायऱ्यांवरून ६६ माणसे जातात असे धरले जाते. देवळाच्या पायऱ्या ३ मीटर रुंद असतील तर मिनिटाला १९८, म्हणजे तासाला ११,८८० हा आकडा येतो. कडेला पूजासाहित्याची दुकाने बसून त्यांपैकी १ मीटर अडला, तर तो ७,९२० वर उतरतो. डोक्यावर ओझे, कडेवर मूल घेऊन चढणाऱ्या भाविकांसाठी तो आणखी खाली धरावा लागेल. पण खरी अडवणूक गाभाऱ्याशी असते. एकेरी दर्शनबारीत प्रत्येकी ३ सेकंद लागले तरी तासाला १,२०० जणांचेच दर्शन होते. एस.टी. व खाजगी वाहनांनी तासाला ३,००० लोक येत असतील, तर दर तासाला १,८०० माणसे शिल्लक राहतात. चार तासांत ती ७,२०० होतात. चौरस मीटरला दोघे या प्रमाणात त्यांना सुखाने उभे करावयाचे तर ३,६०० चौरस मीटर मोकळी, सपाट, सावलीची जागा लागते. आणि तेवढी जागा नसेल तर वाहनतळावरच लोकांना थांबविण्याचा अधिकार कोणाकडे आहे व त्याला देवळाशी घडणारी गोष्ट किती मिनिटांत कळते, हे यात्रेच्या तयारीच्या बैठकीत नावानिशी लिहून ठेवावे लागते.