नाथानाची गोष्ट आणि बारावीचा इंग्रजीचा पाठ

शास्त्रभाग : २ शमुवेल १२:१-७



नाथान संदेष्टा दावीद राजाकडे गेला तेव्हा त्याने राजावर थेट आरोप केला नाही. त्याने एका गरीब माणसाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली. राजा संतापला, त्याने निवाडा दिला, आणि मग त्याला कळले की हा निवाडा आपल्यावरच झाला आहे. चांगली गोष्ट अशीच असते. ती दुसऱ्याची म्हणून सुरू होते आणि आपल्या दारात येऊन थांबते.

आपल्यापैकी काही जण वसतिगृहातील मुलामुलींचा संध्याकाळचा अभ्यास घेतात. त्यांच्यासाठी या अंकात एक पाठ घेऊ. सीबीएसईच्या बारावीच्या ‘व्हिस्टाज’ या इंग्रजी पुस्तकात ‘मेमरीज ऑफ चाइल्डहूड’ नावाचा पाठ आहे. त्यात दोन स्त्रियांच्या बालपणीच्या आठवणी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत.

दोन आठवणी

पहिली आठवण झिटकाला-सा यांची. त्या अमेरिकेतील मूळ रहिवाशांपैकी, यँक्टन सू जमातीच्या. जन्म १८७६चा. वयाच्या आठव्या वर्षी, १८८४ साली, त्यांना इंडियाना राज्यातील एका निवासी शाळेत नेण्यात आले. तिथे मुलींचे लांब केस कापत. ही मुलगी पलंगाखाली लपली. तिला ओढून काढले, खुर्चीला बांधले आणि वेणी कापली. त्यांनी हे १९०० साली लिहून प्रसिद्ध केले.

दुसरी आठवण तामिळनाडूच्या दलित लेखिका बामा यांची. तिसरीत असताना शाळेतून घरी येताना त्यांनी पाहिले, की एक वयस्कर गृहस्थ खाऊचा पुडा दोरीला धरून, हात न लावता घेऊन चालले आहेत. त्यांना हसू आले. घरी मोठ्या भावाने कारण सांगितले : आपला स्पर्श झाला तर जमीनदाराला विटाळ होतो. हसू तिथेच विरले.

कसे शिकवावे?

१. आधी गोष्ट, मग इंग्रजी. मुलांना पाठ आपल्या बोलीत एकमेकांना सांगू द्या. गोष्ट समजली की शब्दांची भीती कमी होते.

२. ‘काय घडले’ आणि ‘का लागले’ हे दोन प्रश्न वेगळे विचारा. झिटकाला-सा यांच्या लोकांत शोक करणारे केस आखूड ठेवत आणि भित्र्या माणसाचे केस कापले जात. हे सांगितले नाही तर मुले उत्तरात ‘केस कापले म्हणून ती रडली’ एवढेच लिहितात. बामांच्या पाठात मुलांना हसू येऊ द्या. मग विचारा, आपले हसू कुठे थांबले?

३. दोन्ही अन्याय एकाच मापाने मोजू नका. एका ठिकाणी सांगितले जात होते, ‘आमच्यासारखी हो.’ दुसऱ्या ठिकाणी सांगितले जात होते, ‘आमच्याजवळ येऊ नकोस.’ हा फरक मुलांना स्वतः शोधू द्या.

४. शेवटी प्रत्येकाने आपली एक आठवण अर्धे पान लिहावी, आधी कोणत्याही भाषेत, मग इंग्रजीत. मोठ्याने वाचण्याची सक्ती नको. आणि एक विनंती : ते लिखाण आपल्या वार्तापत्रासाठी मागू नका. ते मुलाचे आहे.

आपल्या दारात

आता अवघड भाग. झिटकाला-सा यांची ती शाळा क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती लोकांनी चालवली होती. बामाही ख्रिस्ती घरातल्या. त्या काही वर्षे धर्मभगिनी होत्या आणि नंतर मठ सोडून बाहेर पडल्या. १९९२च्या ‘करुक्कु’ या आत्मकथनात त्यांनी चर्चमधील जातिभेदाविषयी स्पष्ट लिहिले आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी मी हा पाठ घेत होते तेव्हा एका मुलीने विचारले, “ताई, त्या शाळेतल्या बाया प्रार्थना करायच्या का?” मी म्हणाले, “हो, करायच्या.” ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आपल्या जेवणघरात पण पावरी बोलायची नाही अशी पाटी आहे.”

ती पाटी मीच लावली होती. मुलींचे मराठी आणि इंग्रजी सुधारावे एवढाच हेतू होता. केस कापणाऱ्या त्या बायांचाही हेतू त्यांच्या मते चांगलाच असणार. त्या रात्री मी पाटी काढली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी मुलींचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, आणि मला त्यातले निम्मेही समजले नाही. आता मी त्यांच्याकडून पावरी शिकते आहे. माझ्या चुका ऐकून त्या मनमोकळ्या हसतात.

कोणी म्हणेल, मुलांना असे पाठ शिकवले तर ती आपल्यावरच बोट ठेवतील. ठेवू देत. दावीदाने नाथानाला हाकलून दिले नाही. त्याने आपले पाप कबूल केले. न्यायाची गोष्ट शिकवणाऱ्याने निवाडा ऐकायलाही तयार असले पाहिजे.

चिंतनासाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत, शाळेत किंवा वसतिगृहात चांगल्या हेतूने केलेला, पण मुलाला लहान करणारा एखादा नियम आहे का?
२. तो नियम करताना मुलांना किंवा त्यांच्या आईवडिलांना कोणी विचारले होते का?
३. ज्यांची आपण सेवा करतो, त्यांच्या भाषेतील किती शब्द आपल्याला येतात?

प्रार्थना : हे प्रभो, दुसऱ्याची गोष्ट ऐकताना आम्हांला आमचा स्वतःचा वाटा दिसू दे, आणि तो दिसल्यावर बदलण्याचे धैर्य दे. आमेन.