नित्यनेम : आवड नव्हे, आज्ञा

गळ्यात तुळशीची माळ घालताना वारकरी संतांना साक्ष ठेवून काही गोष्टी कबूल करतो. पंढरीची वारी करीन, एकादशी धरीन, मद्यमांस वर्ज्य करीन, परस्त्रीला आईसमान मानीन, रोज हरिपाठ म्हणेन. यात कोठेही ‘मन लागले तर’ अशी अट नाही. म्हणून नित्यनेम हा आवडीचा विषय नसून आज्ञापालनाचा आहे. मुलगा वडिलांचे ऐकतो ते केवळ खाऊ मिळावा म्हणून नव्हे, ते वडील आहेत म्हणून. तसेच हे.

शंका पहिली. कोणी म्हणेल, ‘‘बुवा, तोंडाने अभंग चालतो आणि मन बाजारात फिरते. असला हरिपाठ म्हणजे ढोंगच की!’’

समाधान. लोकांना दाखवण्यासाठी केले तर ते ढोंग. मन लागत नसतानाही शब्द पाळला तर ती निष्ठा. मुंबईच्या उपनगरात आमच्या पवईला तलाव आहे. मिठी नदीला मिळणाऱ्या ओढ्याला बांध घालून १८९१ च्या सुमारास तो शहराच्या पाण्यासाठी झाला. आता पहा, त्या बांधाने कधी पाऊस पाडला नाही. ते त्याच्या हाती नाही. पण पाऊस आला तेव्हा बांध उभा होता, म्हणून पाणी ठरले. नाहीतर सारे वाहून गेले असते. उन्हाळ्यात पाणी उतरते, काठचा चिखल उघडा पडतो, म्हणून कोणी बांध फोडीत नाही. भाव हा पाऊस आहे. तो पांडुरंगाने द्यायचा. नेम हा बांध आहे. तो आपण राखायचा. कोरड्या दिवसांत ज्याने बांध मोडला, त्याच्याकडे कृपा आली तरी ती साठावी कोठे?

शंका दुसरी. पवई-साकीनाक्याकडे पाळीची नोकरी करणारे कितीतरी माळकरी आहेत. सांजेला हरिपाठाची वेळ आणि तीच कामावर जायची वेळ. एखाद्या भगिनीच्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचा नेम मोडला काय?

समाधान. पुंडलिकाकडे पहावे. साक्षात देव दारी आला तेव्हा तो आईबापांची सेवा करीत होता. त्याने सेवा सोडली नाही. वीट पुढे केली आणि ‘थांब’ म्हटले. देव थांबला, अजून उभाच आहे. भक्ताचा शब्द पाळून देवानेच आधी आज्ञाधारकपणा दाखवला, मग आपल्याला तो जड का वाटावा? माउलींनीही ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात आपले विहित कर्म हीच ईश्वराची पूजा ठरवली आहे. तेव्हा वेळ पुढेमागे झाली, बसून म्हणायचा तो हरिपाठ वाटेने चालता चालता म्हटला, तरी नेम मोडत नाही. ‘आज राहू दे’ म्हटले की मात्र मोडतो. अडचण कोणती आणि आळस कोणता, हे ज्याचे त्यालाच पक्के ठाऊक असते.

याची मोठी परीक्षा २०२० साली झाली. महामारीमुळे पायी वारी थांबली. माउलींच्या व तुकोबारायांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एस. टी. बसने पंढरपुरास गेल्या. वर्षानुवर्षे चालणाऱ्या पायांना घरी बसावे लागले. २०२१ सालीही तसेच झाले. ज्यांनी उंबऱ्याच्या आत एकादशी धरली, हरिपाठ म्हटला, त्यांची वारी चुकली असे कोण म्हणेल? चालण्याची हौस बाजूला ठेवून त्यांनी आज्ञा तेवढी पाळली.

आता एक इशारा. पवईचा बांध शाबूत राहिला, पण सांडपाणी आत आले आणि ते पाणी पिण्याजोगे उरले नाही. तसे रोज हरिपाठ म्हणायचा आणि मापात मारायचे, सुनेला छळायचे, शेजाऱ्याची जात काढायची, तर नेम टिकूनही आतले पाणी नासते. आज्ञा एकट्या जिभेला नाही, हातालाही आहे.

आचरण. पंधरा दिवसांच्या वारीचे, म्हणजे या एकादशीपासून पुढच्या एकादशीपर्यंतचे, एवढेच व्रत घ्यावे. हरिपाठाला मन लागले की नाही, हे स्वतःला विचारू नये. झाला की नाही, एवढेच विचारावे. बाकीचा हिशेब विटेवरच्या धन्याकडे सोपवावा.

रामकृष्णहरि.