दुखतो गुडघा, घसरतो खुबा

गुडघ्याचा एक्स-रे नॉर्मल आला, म्हणून आमच्या मुलाला 'काही झालेलं नाही' असं ठरवून टाकलं गेलं. बारा वर्षांचा, अंगानं भरलेला मुलगा लंगडत केबिनमध्ये शिरतो आणि डॉक्टर मान वर न करता म्हणतात, "वाढीचं वय आहे, वजन उतरवा." मी परत परत सांगत होते, "अहो, पाऊल बाहेर पडतंय त्याचं, चालवून तरी बघा." त्यावर उत्तर काय, तर "गूगल कमी वाचत जा." वर व्यायाम लिहून दिले, त्यात उठाबशा!

शेवटी लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी त्याला उताणं झोपवलं आणि पाय खुब्यात दुमडला. मांडी सरळ पोटाकडे यायला हवी. ती आपोआप बाहेर वळली. माझ्या डोळ्यांदेखत. त्यांनी पाय टेकवायचाच नाही म्हणून बजावलं, व्हीलचेअर मागवली. खुब्यातला गोळा वाढीच्या पट्टीवर घसरला होता. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं, हे त्या पहिल्या डॉक्टरांना आईनं सांगायचं?

ऑपरेशन लगेच झालं. गोळा आहे तिथेच एका स्क्रूनं पक्का केला. "ओढून बसवत का नाहीत?" असं ह्यांनी विचारलं. जोर लावला तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरू शकतं, म्हणाले. तेव्हा मालिशवाला, हाडवैद्य यांच्या वाटेला जाऊ नका. कुबड्या घेऊनही पाऊल टाकता येत नसेल तर हा धोका फार मोठा. तसंच उचलून इस्पितळात न्या.

वयात येणारं मूल लंगडत असेल, मांडी-गुडघा दुखत असेल, तर दोन्ही खुब्यांचा एक्स-रे मागा. समोरून एक आणि, पाय टेकवता येत असेल तर, बेडकासारखे पाय फाकवून दुसरा; सुरुवातीची घसरण नुसत्या समोरच्या फिल्ममध्ये निसटते. मूल बारीक असलं तरी मागा. वय दहाच्या आत असेल तर थायरॉइड वगैरे तपासायला सांगा. पुढे दुसरा खुबाही घसरू शकतो, पट्टी बंद होईपर्यंत फॉलोअप सोडू नका. मुलांचं ऐका. कागद जपा.

पहिल्या डॉक्टरांना मी नंतर फिल्म नेऊन दाखवली. "तेव्हा तक्रार गुडघ्याची होती," एवढंच म्हणाले. त्यांच्या कागदावर लंगडण्याचा उल्लेखच नव्हता. तुम्ही मात्र केबिनमधून उठण्याआधी 'लंगडतो' हा शब्द केसपेपरवर लिहून घ्या.