कार्ल्याचा सुतार आणि लाकडाचे बळ

हिंजवडीहून मळवली फार दूर नाही. तेथील भाजे आणि कार्ले ही चैत्यगृहे आपल्या बहुतेक माजी विद्यार्थ्यांनी सहलीत पाहिलेली आहेत. परंतु तेथील लाकडाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कार्ल्याच्या छताला आजही प्राचीन सागवानी कमानी आहेत. छत अखंड कातळाचे असल्याने त्या कोणताही भार पेलत नाहीत. भाज्याचे अष्टकोनी खांब आत कललेले आहेत, तेही कातळाच्या गरजेपोटी नव्हे. लाकडी इमारतीत कमानी खांबांना बाहेर रेटतात, म्हणून खांब आत कलते ठेवीत. शिल्पींनी ती सुतारांची रीत दगडात उतरवली. कार्ल्याच्या एका शिलालेखात तर धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने दर्शनी द्वाराचे काम केल्याची नोंद आहे. राजांच्या वंशावळी पाठ करणाऱ्यांनी हे नावही लक्षात ठेवावे, असे मला वाटते.

लाकूड म्हणजे सूक्ष्म पोकळ नळ्यांची जुडी. कडब्याची पेंढी उभी दाबली तर ती बराच भार सोसते, आडवी दाबली तर लगेच चपटते, लाकडाचेही तसेच. आज युरोपात स्प्रूससारख्या सूचिपर्णी वृक्षांच्या मऊ लाकडाच्या फळ्या गोंदाने एकावर एक चिकटवून मोठे खांब व तुळया करतात. जर्मनीतील ऑटो हेट्झर यांनी १९०६ मध्ये अशा वक्र तुळयांचे एकस्व घेतले. प्लायवूडमध्ये थरांचे तंतू एकमेकांना आडवे असतात. येथे मात्र सर्व फळ्यांचे तंतू एकाच दिशेने ठेवतात. मोठ्या गाठी कापून टाकतात, उरलेल्या निरनिराळ्या थरांत विखुरतात. त्यामुळे एकाच ठिकाणी दुर्बलता साठत नाही.

युरोपीय मानकातील ‘जीएल २४ एच’ या प्रतीची दाबसहनशक्ती तंतूंच्या दिशेने दर चौरस मिलिमीटरला २४ न्यूटन, आडव्या दिशेने केवळ २.५ न्यूटन धरतात. पहिला आकडा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २४५ किलो वजनाइतका होतो. प्रत्यक्ष बांधकामात अर्थातच याहून बराच कमी भार देतात, कारण उंच सडपातळ खांब चिरडण्याआधी वाकतो. नॉर्वेतील १८ मजली म्योस्तोर्नेट ही इमारत अशाच लाकडी खांबांवर उभी आहे.

ओल मात्र या बळाची वैरीण. भिजलेले लाकूड दाबाला लवकर नमते आणि कुजतेही. कार्ल्याच्या खांबांचे तळ घड्याच्या आकाराचे आहेत. लाकडी खांब जमिनीपासून वेगळा राहावा म्हणून घड्यात उभा करण्याच्या जुन्या रीतीची ती खूण असावी, असे काही अभ्यासक मानतात.